लोखंडी क्रूसाची मागची बाजू

सोमवार, ४ नोव्हेंबर १९६८

पोचले एकदाची. हॅनोव्हर सोडताना हातभर पुढचं दिसत नव्हतं इतकं धुकं होतं, पण गाडी वेझर नदीच्या कडेला लागली आणि लख्ख ऊन पडलं. आल्डेनब्रुखच्या स्टेशनावर उतरले तेव्हा कोट काढून हातावर घ्यावा लागला. नोव्हेंबरात असा दिवस म्हणजे चैनच.

कॅप्टन रेंके यांची मुलगी इर्मेला स्वतः न्यायला आली होती. पन्नाशीची, उंच, लग्न न केलेली, कामाने हात लालबुंद झालेली बाई. माझी बॅग तिने मला उचलूच दिली नाही. घरापर्यंत ती माझ्याशी फक्त हवेबद्दल आणि वडिलांच्या भुकेबद्दल बोलली. वडील काही खात नाहीत, चार घास घेतले की ताट सरकवतात, वर्षानुवर्षं असंच, म्हणाली.

घर छान आहे. लाल विटांचं, उतारावर शेवटचं. पुढे लोखंडी फाटक, अंगणात नाशपातीचं झाड, मग पाच दगडी पायऱ्या. मला वरच्या मजल्यावरची, अंगणाकडची खोली दिली आहे. टेबल मोठं आणि उजेड भरपूर. आणखी काय हवं?

कामही ऐसपैस आहे. पहिल्या महायुद्धातली आपली पदकं कॅप्टन गावाला देणार आहेत. सतरा तारखेला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी, ती नगरभवनात काचेच्या कपाटात मांडायची. विमा उतरवायचा तर लेखी अहवाल हवा: पदक कोणतं, अस्सल की नक्कल, किंमत किती. तीन दिवसांचं काम, पण मला दोन आठवडे ठेवून घेतलं आहे. पत्रात त्यांनी माझंच नाव घालून मागणी केली होती. आमच्या लिलावघराचे मालक म्हणाले, थेक्लाबाई, तुमची कीर्ती वेझरपर्यंत पोचली. मी त्यांच्याबरोबर हसले.

आलूबुखाऱ्याच्या केकचे दोन तुकडे खाल्ले. या घरात पाऊल टाकायची मी किती वाट पाहिली होती ते आज लिहीत नाही. आजचा दिवस असाच गोड राहू दे.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

सकाळी नऊला कामाला बसले. भिंग, लोहचुंबक, छोटा तराजू, लाकडी काड्या, मऊ फडकं. कॅप्टन समोर खुर्ची घेऊन बसले. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, पण पाठ ताठ, दाढी गुळगुळीत, अंगाला साबणाचा वास. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. बसले मात्र खिडकीकडे पाठ करून.

बोलायला मजेशीर आहेत. चौतीस साली सगळ्या जुन्या सैनिकांना सरसकट वाटलेला मानाचा क्रूस मी हातात घेतला तेव्हा म्हणाले, हा तर आघाडीवर बटाटे सोलणाऱ्यालाही मिळाला. याची किंमत एका बिअरपेक्षा जास्त लावलीत तर तुमच्या ज्ञानाबद्दल मला शंका येईल. मी तीन मार्क लिहिले. ते म्हणाले, म्हणजे दोन ग्लास, फार झाले.

जखमींना मिळणारा काळा बिल्ला अस्सल आहे. पत्रा पातळ, मागून शिरस्त्राणाचा ठसा खोलगट दिसतो तसाच. दुसऱ्या वर्गाचा लोखंडी क्रूस, काळी-पांढरी फीत जीर्ण, कडीवर बनवणाऱ्याची खूण स्पष्ट. घरोघरी सापडतो, पण हा चांगला राखलेला आहे.

पहिल्या वर्गाचा क्रूस वेगळ्या पेटीत होता. ती त्यांनी स्वतः उघडली नाही. मला उघडायला सांगितली आणि खुर्ची हातभर मागे घेतली. मी पेटी उघडेपर्यंत ते दाराकडे बघत होते.

अस्सल. यात शंका घ्यायला जागाच नाही. नक्कल एकाच साच्यात ओततात, हा तीन तुकड्यांचा आहे: मध्ये काळं लोखंड, त्याला धरून पुढची-मागची चांदीची चौकट, आणि कडेभोवती दोन्हींचा सांधा केसाएवढा दिसतो. चुंबकाने लोखंड लगेच ओढलं. मागे पिनेच्या खाली चांदीच्या कसाचा आकडा. एकच गोष्ट: लोखंड आणि चौकट यांच्या फटीत राखाडी माती वाळून बसली होती. काडीने काढली. पन्नास मार्क.

हा कशासाठी मिळाला, असं मी विचारलं. आवाज अगदी सरळ ठेवला. फ्लांडर्स, सतरा सालचा ऑक्टोबर, त्यांनी सांगितलं. इंग्रजांची मशीनगन बंद पाडल्याबद्दल. मग म्हणाले, जेवायची वेळ झाली.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आता लिहिते.

ती मशीनगन माझ्या आजोबांनी बंद पाडली. हिनर्क ब्राख्ट, वीटभट्टीवरचा कामगार, कॅप्टन रेंकेंच्या तुकडीतला साधा शिपाई. चिखलातून सरपटत एकटा गेला, मशीनगनचा खटका काढून खिशात घालून परत आला. परत येताना त्याने पाहिलं की आपला कॅप्टन सिमेंटच्या आडोशाला, गुडघ्यांत डोकं घालून रडतो आहे. सकाळचे अकरा वाजले होते. कॅप्टनने त्याला पोटात गोळी घातली. आजोबा लगेच मेला नाही, बोलू लागला, म्हणून त्याचं तोंड चिखलात दाबून धरलं. मग खटका त्याच्या खिशातून काढून घेतला आणि लिहून दिलं की शिपाई ब्राख्ट भेकडासारखा पळून जाताना मारला गेला.

हे सगळं पाहिलेला एक सोबती एकोणीस साली आजीकडे आला, तिला सांगून गेला, आणि त्याच हिवाळ्यात फ्लूने मेला. आजीला निवृत्तिवेतन नाही. आमच्या गावच्या स्मारकाच्या दगडावर बेचाळीस नावं आहेत, त्यात आजोबांचं नाही. दर स्मरणरविवारी आजी तिथे उभी राहायची आणि लोक तिच्यापासून दोन पावलं लांब उभे राहायचे. माझी आई त्या लाजेतच वाढली. आईच्या मागे आजीनेच मला वाढवलं. माझी आजी, गेशे ब्राख्ट, या एप्रिलमध्ये गेली.

मी पदकांच्या धंद्यात का आले असं मला लोक विचारतात. एका पदकासाठी आले. वीस वर्षं लिलावाच्या याद्यांमध्ये रेंके हे नाव शोधत होते. होल्टकाम्प हे माझ्या नवऱ्याचं आडनाव. नवरा गेला, आडनाव राहिलं, आणि त्यामुळे या घरात मला कुणी ओळखत नाही.

माझ्या बॅगेत साबणाच्या डबीत एक नकली क्रूस आहे. चांगला नकली. अंगभर ओतीव, लोखंड नाही, सांधा नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

झालं. गुरुवारी न्हावी येतो आणि कॅप्टन खाली अर्धा तास बसतात. तेवढ्यात पेटीतला क्रूस बदलला. अस्सल माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे.

अहवालही लिहून टाकला. पहिल्या वर्गाचा लोखंडी क्रूस: नक्कल, नंतरच्या काळातली, किंमत शून्य. सतरा तारखेला नगराध्यक्षांनी विचारलं की सगळ्या गावासमोर वाचून दाखवीन. शौर्य विकत आणलेला माणूस म्हणून त्याच्याकडे बघतील. लोक त्याच्यापासून दोन पावलं लांब उभे राहतील. मी तेवढंच मागते आहे. आजीने एकोणपन्नास वर्षं सोसलं ते त्याने मरेपर्यंत सोसावं.

कॅप्टन वर आले, बंद पेटीकडे पाहिलं, काम झालं का विचारलं. झालं म्हटलं. ते इतके मोकळे हसले की मी दचकले. इर्मेलाला हाक मारून दारू मागवली. दुपारी त्यांनी दोनदा बटाटे वाढून घेतले. इर्मेला वाढायचा चमचा हातात धरून बघतच राहिली.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सकाळी अकरा वाजता फाटकाशी एक माणूस उभा होता.

लांब राखाडी कोट, डोकं उघडं, कमरेपर्यंत चिखल. स्वच्छ ऊन होतं, फाटकाचा गज न् गज दिसत होता. इर्मेला कपडे वाळत घालायला गेली, त्याच्या इतक्या जवळून गेली की हात लागला असता. तिला तो दिसला नाही. चर्चच्या घड्याळात बारा पडले तेव्हा तो तिथे नव्हता.

मी खाली जाऊन पाहिलं. फाटकाच्या कडीला ओली माती लागली होती. मी वीटभट्टीवाल्याची नात आहे. इथली माती पिवळी. ही निळसर राखाडी होती, बोटाला साबणासारखी चिकटणारी. आमच्या भागात असली माती नाहीच.

मी घाबरले नाही. खरं सांगते, मला आनंद झाला. आजोबा आपला क्रूस बघायला आला होता. मी हळूच म्हटलं की आठ दिवस थांब, रविवारी या माणसाची काय गत करते ते बघ.

सोमवार, ११ नोव्हेंबर

आज संत मार्टिनचा दिवस. इर्मेलाने हंस भाजला होता. कॅप्टननी तंगडी उचलून हातानेच खाल्ली आणि हनुवटीवरून चरबी ओघळेपर्यंत हसले. गालांवर रंग चढला आहे. आठपर्यंत झोपतात. इर्मेला भांडी घासता घासता मला म्हणाली की वडिलांनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. ती लहान होती तेव्हापासून ते खिडकीला पाठ करूनच बसत. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाई मनाची चांगली आहे. तिच्याशी बोलताना मला आताशा जड जातं.

अकरा वाजता तो नाशपातीच्या झाडाखाली होता. कॅप्टन खिडकीत बसून अंगण बघत होते, शीळ घालत होते. त्यांना कुणी दिसत नव्हतं.

तो त्यांच्या खिडकीकडे बघतच नव्हता. माझ्या खिडकीकडे बघत होता.

बुधवार, १३ नोव्हेंबर

काल झाड आणि पायऱ्यांच्या मध्ये. आज तिसऱ्या पायरीवर.

चेहरा दिसला. घरी आजीच्या पलंगामागच्या भिंतीवर फोटो होता, तोच चेहरा, पण तोंड उघडं आणि मातीने गच्च भरलेलं, ओठांच्या पातळीला सपाट. मी काचेला हात लावून नाव घेतलं. आजोबा म्हटलं. त्याच्या डोळ्यांत काही हललं नाही. आपली वस्तू अनोळखी माणसाच्या हातात दिसावी तसा तो बघत होता.

साबणाच्या वडीत माती. पावाच्या तुकड्यात माती. चावताना करकरली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

साडेदहाला पुलावर जाऊन क्रूस वेझरमध्ये फेकला. पाण्याचा आवाज ऐकला. घरी आले, तर टेबलावर. ओला.

जेवणानंतर कॅप्टनच्या पेटीत ठेवला, नकली काढून घेतला. खोलीत येऊन मूठ उघडली तर मुठीत अस्सल. सांधा दिसतो. चुंबकाला चिकटतो. वीस वर्षं हेच तपासत आले आहे, चूक होणं शक्य नाही.

दातांत माती येते. चूळ भरली की पाणी राखाडी.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

घरात आला. जिन्यावर. अकरा ते बारा. इर्मेला केर काढत त्याच्या अंगातून गेली आणि म्हणाली की कुठून तरी गार वारा येतो आहे.

माझ्या दारापासून सात पायऱ्या खाली. मोजल्या.

माझा आजोबा आहे तो. मला का —

शनिवार, १६ नोव्हेंबर

सगळं लिहायला हवं.

आज अकराच्या आधी कॅप्टन स्वतः माझ्या खोलीत आले. दार लावलं. खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदाच मला एकेरी हाक मारली.

"किती वर आलाय, पोरी? जिन्यावर का?"

 त्यांनी खिशातून पत्रांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. आजीचं अक्षर. एकोणपन्नास पत्रं. एकोणीस सालापासून दर ऑक्टोबरला एक. मला तिने कधी सांगितलं नाही. प्रत्येक पत्रात एकच मागणी: माझा नवरा भेकड नव्हता एवढं लिहून द्या. शेवटच्या पत्रात, गेल्या वर्षीच्या, माझ्याबद्दल होतं. माझी नात थेक्ला होल्टकाम्प हॅनोव्हरला पदकं पारखते, मोठं नाव आहे तिचं, ती तुमचा क्रूस एक दिवस ओळखेल.

कॅप्टन शांतपणे बोलत राहिले. क्रूस मिळाला त्या दिवसापासून तो रोज अकरा वाजता येतो. म्हातारी होती तोवर फाटकाशी थांबायचा. ती एप्रिलमध्ये गेली आणि तो आत यायला लागला. मे महिन्यात झाडाशी, जुलैत पायरीवर. तुला तो आधी पुन्हा फाटकाशीच दिसला असेल, नव्या माणसाकडे तो बहुधा नव्याने चालत येतो, पण तुझ्याकडे भरभर आला. फेकून क्रूस जात नाही. दोनदा परक्यांना दिला, दोनदा परत आला. मारणारा मी आणि रक्ताची तू, या दोघांतच तो फिरणार. आणि ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यायला हवा. मी दिला असता तर तू घेतला नसतास. म्हणून तुला चोरायला बोलावलं.

मी विचारलं, मी तर त्याची नात आहे, तो मला का ओळखत नाही?

"ओळखेल असं मलाही वाटलं होतं," ते म्हणाले. "तुझ्या आजीने मला पन्नास वर्षं सुखाने जेवू दिलं नाही. आता तू बघ जेवून."

मग त्यांनी दुसरा कागद दाखवला. हातात दिला नाही, दुरूनच दाखवला. त्यांची सही, तारीख. शिपाई हिनर्क ब्राख्ट याने एकट्याने मशीनगन बंद पाडली. तो पळाला नव्हता. त्याला मी मारलं. मी, गोटहार्ड रेंके.

आजीने आयुष्यभर मागितलेलं ते माझ्यासमोर होतं, हात पोचणार नाही इतकंच लांब.

उद्याचा समारंभ निमूट होऊ दे, म्हणाले. क्रूस अस्सल आहे असा अहवाल दे, कपाटात नकली राहू दे. संध्याकाळच्या गाडीत बसशील तेव्हा इर्मेला हा कागद तुझ्या हातात ठेवील. आजोबाचं नाव दगडावर कोरून घे. आणि आजोबाला घेऊन जा.

दार उघडलं तेव्हा बाहेर इर्मेला कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. कॉफीवर साय धरली होती.

अकरा वाजले. तो दारापाशी — सात पायऱ्या एका दिवसात —

रविवार, १७ नोव्हेंबर

करून आले.

चर्चच्या बाहेर स्मारकापाशी दोनशे माणसं होती. पुष्पचक्रं ठेवून झाली, बँड थांबला. नगराध्यक्षांनी मला पुढे बोलावलं, पदकांबद्दल चार शब्द सांगा म्हणाले. खिशात दोन अहवाल होते. एकही काढला नाही. कॅप्टन खुर्चीत बसले होते, छातीवर बाकीची पदकं, माझ्याकडे बघून मान डोलावत होते. चर्चच्या घड्याळात अकराला एक मिनिट होतं.

मी हातमोज्यातून क्रूस काढला, तळहातावर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कॅप्टनसाहेब, हा तुमचा पहिल्या वर्गाचा क्रूस. अस्सल आहे, मी स्वतः पारखलाय. तुमच्याच हाताने लावा."

त्यांना कळलं. रंग उतरला. मान हलवून नको म्हणाले. नगराध्यक्षांना वाटलं, म्हातारा विनय दाखवतो आहे. लोक टाळ्या वाजवू लागले. कुणीतरी त्यांना खांद्याला धरून उभं केलं. दोनशे माणसांसमोर आपलाच क्रूस नाकारायचा कसा? त्यांनी डावा हात पुढे केला. तीन बोटांनी क्रूस उचलला.

घड्याळ वाजू लागलं. स्मारकाच्या मागून तो आला. या वेळी पायरी पायरी नाही. सरळ.

कॅप्टननी त्याला पाहिलं. मीही पाहिलं. आणखी कुणी नाही. त्याने दोन्ही हात कॅप्टनच्या डोक्यामागे नेले, लहान मुलाला जवळ घेतात तसे, आणि तोंडावर तोंड ठेवलं. कॅप्टन गिळू लागले. गिळत राहिले. मग उताणे पडले. इर्मेला धावली, बोटं घालून वडिलांच्या तोंडातून माती काढू लागली, ती संपेचना. डॉक्टर म्हणाले, झटका. लोक म्हणाले, पडताना तोंडात चिखल गेला. ते उताणे पडले होते.

मी जागची हलले नाही. डोळे मिटेपर्यंत बघत होते. मला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं. लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

सोमवार, १८ नोव्हेंबर

स्टेशनाजवळच्या खाणावळीत खोली घेतली आहे. कागद मिळाल्याशिवाय जाणार नाही. इर्मेलाला चिठ्ठी पाठवली: झाल्याचं दुःख आहे, पण तुमच्या वडिलांनी कबूल केलेला कागद माझ्या आजीचा आहे.

अकरा वाजले, बारा वाजले. कुणी आलं नाही. रस्ता रिकामा. पाव खाल्ला, नुसता पाव लागला. लोणी लागलं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

चार वाजता उत्तर आलं. उद्या सकाळी स्वतः आणून देते.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

साडेदहाला इर्मेला आली. काळे कपडे, नखांत अजून राखाडी. बसली नाही. जाड लिफाफा पुढे धरला. मी तिच्या हातातून तो ओढूनच घेतला.

दाराशी जाऊन ती वळली. आवाज चढवला नाही.

"वडिलांनी केलं ते मी शनिवारी दाराआडून ऐकलं. रात्रभर मला वाटत होतं, उद्या तुम्ही सगळं सांगाल. मी तुमच्या बाजूने उभी राहणार होते." मग म्हणाली, "दोनशे माणसं ऐकत होती, फ्राउ होल्टकाम्प. त्याचं नाव घ्यायला कितीसा वेळ लागला असता? तुम्ही नाव नाही घेतलंत."

गेली. जिन्यावर तिची पावलं ऐकली.

लिफाफा फाडला. काळी राख. जळलेल्या कागदाचा एक कोपरा, त्यावर नुसती तारीख. आणि राखेत, माझ्या तळहातावर —

मी माझ्या हाताने घेतला. ओढून घेतला.

दहा पन्नास. तिच्यामागे धावले, ती रस्त्यावर नाही. खाणावळवालीला म्हटलं, हे घ्या, तुमच्याकडे ठेवा. तिने घेतला. खोलीत आले, खिशात —

खरंच, का नाही घेतलं मी नाव? वीस वर्षं — दोनशे माणसं — तोंडाशी होतं. कॅप्टनचा चेहरा बघायचा होता. तेवढंच बघायचं होतं.

अकरा.

जिन्यावर नाही. दाराशी नाही. खोलीतच आहे. खिडकी आणि पलंग यांच्या मध्ये. उन्हात.

लिहीत राहते. लिहिताना थांबतो का बघते.

सांगते आहे त्याला. मोठ्याने सांगते आहे. हिनर्क ब्राख्ट. तू पळाला नव्हतास. मी गेशेची नात. गेशे. तिने तुझ्यासाठी —

ऐकत नाही. पुढे येतो आहे. आता दिसलं — कान — दोन्ही कानही मातीने भरलेत — काही ऐकूच जात नाही त्याला — गेशेचं नाव लिहून दाखवते, वाचता येतं त्याला, आजी म्हणायची वाचता यायचं — हे बघ आजोबा, हे बघ, गेशे ब्रा